आत्मनिवेदन

आत्मनिवेदन हा नवविधा भक्तीतील नववा आणि अखेरचा प्रकार होय. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या तोंडी श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन असा क्रम आला आहे. पहिल्या आठ प्रकारांत भक्त देवाला काही ना काही अर्पण करतो. नवव्यात अर्पण करणारा ‘मी’च अर्पण होतो. दासबोधाच्या चौथ्या दशकात नऊ समासांत याच क्रमाने भक्तीचे विवरण असून नववा समास आत्मनिवेदनावर आहे.

ही अवस्था एका क्षणी प्राप्त होत नाही, दीर्घ सरावाने ‘मी’पण झिजत जाते, यावर मराठी संतांचा विशेष भर आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायातील अभ्यासयोगावर भाष्य करताना ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरीत (शके १२१२) साधकाकडे फार मोठे मागणे मागत नाहीत: आठ प्रहरांतून निमिषभर चित्त देवाला द्यावे, एवढेच. त्या निमिषात सुख लागले की तेवढ्यापुरती विषयांची अरुची उपजते, आणि पौर्णिमेनंतर चंद्रबिंब दिवसेंदिवस क्षीण होत अमावास्येला नाहीसे व्हावे, तसे चित्त प्रपंचातून निघून ‘हळूहळू’ देवरूप होते. येथे अहंकाराशी झुंज नाही. त्याचे पोषण तेवढे थांबते.

वारकरी संप्रदायात या सरावाला रोजच्या आचाराचे रूप मिळाले आहे. गळ्यातील तुळशीची माळ, नित्य हरिपाठ, एकादशीचे व्रत आणि आषाढी-कार्तिकीची वारी हे नेम वर्षानुवर्षे चालतात. वारीत भेटणारा प्रत्येक जण ‘माउली’ असतो आणि भेट होताच दोघेही एकमेकांच्या पायांशी वाकतात. वय, विद्या वा हुद्दा यांवरून आधी कोणी वाकावे, हा हिशेब तेथे निदान तत्त्वतः उरत नाही. अहंकारावरचा हा उपाय उपदेशापेक्षा अधिक अंगवळणी पडणारा म्हणावा लागेल.

साधनेतून नवा अहंकार उपजण्याचा धोकाही परंपरेने ओळखला आहे. अहंकार अज्ञानाच्या फारसा मागे लागत नाही, तो ज्ञानी माणसाच्याच गळ्याला झोंबतो, असे ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे. नामदेवांची आख्यायिका याच अंगाची आहे. संतमंडळींत गोरा कुंभार मडकी घडवण्याच्या थापटण्याने एकेकाचे डोके तपासतात. बाकीचे निमूट सोसतात, विठ्ठलाचा लाडका असलेले नामदेव मात्र रागावतात आणि ‘कच्चे मडके’ ठरतात. पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर त्यांचे गुरू होतात.

‘मी’ पूर्णपणे विरावा काय, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. तुकारामांच्या एका अभंगात आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचा सोहळा आहे, तर दुसरीकडे त्यांना ब्रह्मज्ञान नको असते. मी भक्त आणि तू देव, एवढा भेद ते मागून घेतात, कारण प्रेमसुखाला दोघे लागतात. ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृत’ या ग्रंथात यावर तोड काढली आहे: एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार कोरता येतो, तसा अद्वैतातही भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

समाजाने ज्यांचा ‘मी’ मान्यच केला नाही, त्यांच्या आत्मनिवेदनाचा अर्थ वेगळा लावावा लागतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील संत चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिच्या ‘अवघा रंग एक झाला’ या अभंगात पंढरीच्या राजाला पाहताच मी-तूपण वाया गेल्याचा अनुभव आहे. देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग त्यावाचून शुद्ध कोण, असा रोखठोक सवालही तिच्याच नावे असलेल्या अभंगात आहे. मीपण गेल्याचे सांगणाऱ्या या कवयित्रीने अन्यायाविषयीचा प्रश्न सोडून दिला नाही, ही बाब आत्मनिवेदनाला निव्वळ शरणागती समजणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते.