साकी कुमागाई

साकी कुमागाई (जन्म : १७ ऑक्टोबर १९९०, साप्पोरो) ही जपानची फुटबॉलपटू. मूळची सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारी. मात्र युरोपातल्या क्लबांनी तिला बचावफळीच्या पुढे, मधल्या फळीतही बरेच खेळवले. २०११ च्या विश्वविजेत्या जपानी संघात ती होती, पुढे राष्ट्रीय संघाची कर्णधार झाली आणि फ्रान्सच्या ल्योन क्लबकडून तिने पाच वेळा महिला चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. बचावपटूने हाणून पाडलेल्या चढायांची नोंद गुणफलकावर होत नाही. म्हणूनच की काय, कुमागाईचे नाव निघाले की बहुतेकांना आधी तिच्या पेनल्टी आठवतात.

शिक्षणासाठी ती होक्काइदो बेट सोडून सेंदाई शहरातल्या तोकिवागी गाकुएन शाळेत गेली. मुलींच्या फुटबॉलसाठी ही शाळा जपानभर प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये, सतराव्या वर्षीच तिला राष्ट्रीय संघात स्थान मिळाले. २००९ मध्ये ती उरावा रेड्सच्या महिला संघात दाखल झाली आणि त्याच वर्षी हा संघ जपानी लीगचा विजेता ठरला.

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीने सेंदाईसह ईशान्य जपानची वाताहत केली. चारच महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक होता. प्रत्येक सामन्यानंतर जपानच्या खेळाडू जगाचे आभार मानणारा फलक घेऊन मैदानाला फेरी मारत. वीस वर्षांची कुमागाई बचावाच्या मध्यभागी अझुसा इवाशिमिझूच्या जोडीला खेळत होती. उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीला जादा वेळेत १-० असे हरवल्यावर मात्र या संघाकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

१७ जुलै २०११ ला फ्रँकफर्टमध्ये अंतिम सामना झाला. समोर अमेरिका, आणि तिला जपानने तोवर एकदाही हरवले नव्हते. जपान दोनदा पिछाडीवर पडला आणि दोन्ही वेळा त्याने बरोबरी साधली; दुसरा गोल कर्णधार होमारे सावाने ११७ व्या मिनिटाला केला. अगदी शेवटी अ‍ॅलेक्स मॉर्गनला पाडल्याबद्दल इवाशिमिझूला लाल कार्ड मिळाले. २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये अमेरिकेच्या पहिल्या तिन्ही किक वाया गेल्या. गोलरक्षक आयुमी काइहोरीने दोन अडवल्या, तर कार्ली लॉइडची किक गोलपोस्टवरून गेली. जपानची चौथी किक कुमागाईच्या वाट्याला आली. गोल झाला तर विश्वचषक, आणि समोर अमेरिकेची गोलरक्षक होप सोलो. कुमागाईने चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मारला आणि शूटआउट ३-१ असे संपले. महिला असो वा पुरुष, फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा जपान हा आशियातला पहिलाच देश.

त्यानंतर लगेच ती त्याच शहरातल्या १. एफएफसी फ्रँकफर्ट संघाकडून खेळू लागली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपान अमेरिकेकडून १-२ असा हरला, तिला रौप्यपदक मिळाले.

२०१३ ते २०२१ ही ल्योनमधली आठ वर्षे तिच्या कारकिर्दीतली सर्वांत भरीव. फ्रेंच लीगची सात आणि चॅम्पियन्स लीगची सलग पाच (२०१६-२०२०) जेतेपदे या काळातली. त्यांतल्या पहिल्या अंतिम सामन्यात, रेज्जो एमिलिया येथे, वोल्फ्सबुर्गविरुद्ध १-१ बरोबरी झाली आणि विजयाची निर्णायक पेनल्टी पुन्हा कुमागाईनेच मारली. २०२० च्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी तोच होता. या वेळी तिने पेनल्टी क्षेत्राबाहेरून गोल केला आणि ल्योन ३-१ ने जिंकला. ल्योनच्या तारांकित आघाडीचे कौतुक पुष्कळ झाले. त्या आघाडीला बिनघोर पुढे जाता येत होते, यात मागे चेंडू हेरून काढणाऱ्या कुमागाईचा वाटा मोठा होता.

राष्ट्रीय संघाची वाट मात्र खडतर झाली. २०१५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पहिल्या १६ मिनिटांतच अमेरिकेने चार गोल चढवले. जपान २-५ ने हरला. रिओ ऑलिंपिकची पात्रताही हुकली. नव्या प्रशिक्षक आसाको ताकाकुरा यांनी तिला कर्णधार केले आणि २०१८ मध्ये जपानने आशियाई चषक जिंकला. २०१९ च्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या मिनिटाला मारलेला फटका कुमागाईच्या हाताला लागला. त्या पेनल्टीवर जपान स्पर्धेबाहेर गेला. इतक्या जवळून आलेल्या फटक्यापासून हात वाचवणे कोणालाही अवघडच. त्याच वर्षी ती आशियाची सर्वोत्कृष्ट महिला फुटबॉलपटू ठरली.

२०२२ चा आशियाई चषक महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. कुमागाईच्या नेतृत्वाखालील जपानचे साखळी सामने पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. उपांत्य सामनाही तिथेच होता. त्यात २-२ बरोबरीनंतर चीनने शूटआउटमध्ये बाजी मारली.

२०२३ च्या विश्वचषकासाठीच्या जपानी संघात २०११ ची ती एकटीच उरली होती. साखळीत या संघाने स्पेनला ४-० ने धुतले. तोच स्पेन पुढे विश्वविजेता झाला. जपानला उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने रोखले.

दरम्यान तिने बायर्न म्युनिककडून २०२३ ची जर्मन लीग, तर रोमाकडून २०२४ ची इटालियन लीग जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये ती इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या लंडन सिटी लायनेसेसमध्ये गेली. त्या मोसमाअखेर संघाला महिला सुपर लीगमध्ये बढती मिळाली.