पार्श्वभूमी : दुसऱ्यांदा वार करणाऱ्याला शिक्षा किती?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एखाद्या सराईताने पुन्हा कोणावर कोयता उगारला की ‘आधी शिक्षा भोगून आलाय, तरी एवढीच?’ असे लोक विचारतात. अशी वाढीव शिक्षा मोजायचे लेखी कोष्टक भारतातल्या न्यायाधीशांकडे नाही. कायदा कमाल मर्यादा सांगतो, काही गुन्ह्यांत किमानही. मधले सगळे न्यायाधीशाच्या विवेकावर.

जुनी शिक्षा पाहून नवी वाढवण्याची तरतूद १८६० च्या दंडसंहितेत होती, कलम ७५. पण ती संहितेच्या दोनच भागांपुरती: नाणी व सरकारी मुद्रांक, आणि मालमत्ता. यातल्या तीन वर्षे किंवा जास्त कैदेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. दरोडा, जबरी चोरी यात बसतात, कारण तिथे माल गेलेला असतो. बांधाच्या भांडणात दोनदा डोकी फोडणारा मात्र बसत नाही. रयतेच्या डोक्यापेक्षा तिजोरीची काळजी मोठी होती, असे म्हणायला इथे जागा आहे. परकीय सरकारचे एक वेळ समजू शकते. पण दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ नेही तीच चौकट ठेवली.

हे कलम लावायचे तर जुनी शिक्षा दोषारोपात लिहावी लागते, आणि आरोपीला ती वाचून दाखवतात नव्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावरच. त्याने नाकारली तर सिद्ध करायची. शिक्षा ‘भारतातल्या न्यायालयाची’ असली की पुरे, म्हणजे महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजची बेळगावात चालते. पण तिकडच्या निकालाची नक्कल मराठीत, इकडचे कागद कन्नडात, आणि नक्कलेतला माणूस हाच, हे वेगळे दाखवायचे. नक्कल आलीच नाही तर दुसरा गुन्हा कोर्टापुढे पहिलाच ठरतो.

सराईतांचे कायदे निराळे. आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा कायदा १९५२ मध्ये गेला. १९५६ ला बेळगाव म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले, चंदगड मुंबई राज्याकडे राहिले. मुंबईने १९५९ मध्ये, म्हैसूरने १९६१ मध्ये आपापला सराईत गुन्हेगार कायदा केला.

हिंसेच्या बाबतीत एकच नियम ठाम होता: जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच. कर्नाटकाचा फाशीचा खांब बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात असल्याने इथे त्याची चर्चा जास्त. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती रद्द केली. आता फाशी किंवा मरेपर्यंत कैद, यातले एक.

शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवा, असे २००३ मध्ये एका समितीने सांगितले, पुढे दुसऱ्या समितीनेही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला शिक्षेच्या सर्वंकष धोरणाचा विचार करायला सांगितले.

तोवर पोकळी पोलिसांनी भरली. १९८५ चा गुंडा कायदा, २००० चा संघटित गुन्हेगारीचा कायदा, आणि रावडी शीट, म्हणजे पोलिसांची गुंडांची नोंद, जी उघडायला दोषी ठरण्याचीही गरज नसते. कर्नाटकात घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीतल्या कार्यकर्त्यांनाही याच यादीत घालतात, ही सीमाभागाची जुनी तक्रार आहे. हद्दपारीचे तर विचारूच नका. कर्नाटकातला आदेश कर्नाटकापुरता. निपाणीतून काढलेला माणूस कोगनोळीची सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलात खुशाल खोली घेतो.