दृष्टिबाधितांचे विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षण व व्यवसाय

अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना गणित, विज्ञान, अभियांत्रिकी व संगणक या क्षेत्रांत शिकता आणि काम करता यावे, यासाठीच्या लिपी, साधने, परीक्षापद्धती व कायदेशीर तरतुदी या विषयात येतात. यातली गळती नोकरीच्या मुलाखतीआधीच, शाळेत सुरू होते. आकृत्या आणि प्रयोग जमणार नाहीत असे गृहीत धरून भारतात अंध मुलांना सर्रास कला शाखेकडे वळवले जाते. शालेय परीक्षेत गणित टाळण्याची मुभा सवलत म्हणून मिळते खरी, पण पुढची वाट तीच बंद करते. अकरावीला विज्ञान मिळावे म्हणून कार्तिक साहनी या अंध विद्यार्थ्याला सीबीएसईशी झगडावे लागले. २०१३ साली ते बारावीला ९६ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले आणि पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले.

मुख्य अडचण गणिताच्या मांडणीत आहे. ‘क्ष अधिक एक भागिले दोन’ असे नुसते ऐकले, तर दोनाने फक्त एकाला भागायचे की सगळ्या बेरजेला, हे कळत नाही. डोळस माणूस ते आडव्या रेघेच्या लांबीवरून ओळखतो. अमेरिकेतील अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांच्या ब्रेल संकेतलिपीत (१९५२) अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यासाठी वेगळी चिन्हे आहेत.

आवाजाच्या बाजूने हाच प्रश्न अंध संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन यांनी हाताळला. त्यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. त्यानंतर पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंधासाठी (१९९४) त्यांनी केलेली ‘ॲस्टर’ ही प्रणाली लाटेक्समधील (सूत्रे साध्या अक्षरांत टंकून मजकूर मांडण्याची संगणकीय पद्धत) गणित वाचून दाखवते. घातांक आला की आवाजाची पट्टी चढते, पादांक (अक्षराच्या पायाशी लिहिलेला लहान अंक) आला की उतरते. प्रणालीचे नाव त्यांच्या वाटाड्या कुत्रीचे.

पुढे १९९८ मध्ये वेबवर गणिती सूत्रे मांडण्यासाठी मॅथएमएल हे प्रमाणही आले. तरीही सूत्रे चित्ररूपात चिकटवण्याची खोड गेलेली नाही. तिथे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, ‘ग्राफिक’ एवढेच बोलून पुढे सरकतो. हा दोष निव्वळ आळसाचा आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला.

भारतातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ही तरतूद २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. लेखनिकाला अवकलनाची चिन्हेच ओळखीची नसतील, तर मात्र हा जादा वेळ चिन्हे समजावण्यातच जातो.

प्रयोगशाळेसाठी बोलणारे तापमापक व तराजू, उठावाच्या आकृत्या अशी साधने आहेत. काही शाखांत तर स्पर्श हेच मुख्य साधन ठरते. लहानपणीच दृष्टी गेलेले जीवशास्त्रज्ञ खेरात फर्मे यांनी शंखांवरचे खेकड्यांच्या हल्ल्यांचे, भरून आलेले व्रण बोटांनी तपासले आणि त्यावरून भक्ष्य-भक्षकांच्या उत्क्रांतीतील चढाओढ मांडली.