रविवर्मा तसबीर

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या तैलचित्रांवरून रंगीत शिळाछापाने काढलेले आणि काच-चौकटीत बसवलेले चित्र. कॅनव्हासवरच्या तैलरंगांचा भास व्हावा म्हणून त्यावर वार्निश चढवत, कधी कागदावर कापडाच्या विणीसारखा उठाव देत. अशा छापचित्राला ओलिओग्राफ म्हणतात. घराघरांत मात्र हा शब्द कधी शिरला नाही. देवघरात, माजघरात किंवा पेढीवरच्या गादीमागे असे ती ‘तसबीर’. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दात मराठी माणूस चित्र आणि चौकट एकत्रच धरतो, आणि ते योग्यच आहे. नुसता छापील कागद गुंडाळी करून कपाटात पडून राहतो. काचेआड गेला की त्याला हळदकुंकू लागते, दसऱ्याला झेंडूचा हार मिळतो.

रंगीत देवचित्रे छापणारे रविवर्मा पहिले नव्हेत. पुण्याची चित्रशाळा आणि कलकत्ता आर्ट स्टुडिओ हे दोन्ही १८७८ पासूनचे. चित्रशाळेचे रामपंचायतन महाराष्ट्रात घरोघर होते. रविवर्म्यांच्या बाबतीत वेगळे होते ते मूळ चित्र. त्यातल्या देवता युरोपीय तैलचित्रणाच्या रीतीने, छायाप्रकाशासह, हाडामांसाच्या माणसांसारख्या रंगवलेल्या होत्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी केलेली १४ पौराणिक चित्रे लोकांसमोर आली तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली. रविवर्म्यांची चित्रे राजवाड्यांत अडकून न पडता सर्वांपर्यंत जावीत यासाठी ती युरोपातून छापून घ्या, असा सल्ला त्रावणकोर व बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच दिला होता. रविवर्मा व त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी त्यापुढे जाऊन जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणले व १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. तिथून बाहेर पडलेले पहिले चित्र ‘शकुंतला जन्म’ असे मानले जाते. मुंबईत प्लेगची साथ आली. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. धंद्याचे गणित मात्र जमेना. कर्ज वाढत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सारा कारखाना फ्रिट्झ श्लायखर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.

छपाईचे तत्त्व साधे, काम किचकट. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळा डोलारा. बव्हेरियातून आणलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने किंवा खडूने आकृती उलटी काढायची, डिंक आणि सौम्य आम्लाने शिळा पक्की करायची, मग ती ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई चढत नाही, आकृतीवर चढते. हे झाले एका रंगाचे. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न सरकता त्याच जागी बसायला हवा. लक्ष्मीच्या गालावरचा गुलाबी उजाळा म्हणजे छापखान्यातल्या कारागिराने दगडावर हाताने टिंबाटिंबाने उमटवलेला असतो. चित्राखाली नाव रविवर्म्यांचे असले तरी तसबिरीतली रेषा बहुतेकदा या निनावी हातांची आहे, हे क्वचितच बोलले जाते.

सर्वाधिक खप देवतांचा. कमळावर उभी चतुर्भुज लक्ष्मी, बाजूला सोंडेत हार घेतलेला हत्ती. पाण्याकाठी खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती आणि जवळ मोर. ‘लक्ष्मी अशीच दिसते’ असे आज आपल्याला वाटते, त्यात या छापील कागदाचा वाटा मोठा आहे. हौशी घरांतून चित्रातल्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवत. पुढे छापखान्याने इतरांचीही चित्रे छापली, त्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर होते. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी फोटो-लिथोचे, म्हणजे छायाचित्रणाच्या मदतीने करायच्या शिळाछपाईचे, काम केले. त्यामुळे ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक तसबीर मुळात त्यांच्या कुंचल्याची असेलच असे नाही. १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि तिथल्या मालाचा मोठा भाग नष्ट झाला.

जुनी तसबीर ओळखायला भिंग पुरते. शिळाछापात टिंबे लहानमोठी, वेडीवाकडी दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ती जाळीसारखी शिस्तीत बसतात. खालच्या समासात छापखान्याचे नाव आणि ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ता असू शकतो, पण चौकटवाले मापात बसवण्यासाठी नेमका तोच समास कापून टाकत. चौकटीने चित्र टिकवले तसे बिघडवलेही: मागच्या लाकडी फळीतले आम्ल कागदात उतरून तपकिरी डाग पडतात, फटीतून कसर शिरते, आणि पावसाळ्याच्या दमटपणाने वार्निश काचेला चिकटते. अशी तसबीर उघडताना कागद ओढू नये. रंगाचा थर काचेवरच राहतो. नव्याने बसवताना आम्लविरहित पुठ्ठा वापरून काच आणि कागद यांत बोटाच्या पेराहूनही कमी, पण नक्की अंतर ठेवावे लागते.