भंगारातल्या पाट्याची ओळख

ट्रकचा तुटका पाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, भंगारातून आणायचा, भट्टीत लाल करून घणाखाली घ्यायचा आणि त्यातून कोयता काढायचा, ही आपल्याकडच्या लोहारकामातली रुळलेली रीत आहे. हल्ली हौसेने सुऱ्या घडवणारी तरुण मंडळीही पाट्यापासूनच सुरुवात करतात. पाटा स्वस्त पडतो, भरपूर मिळतो आणि धार धरण्याइतका कार्बन त्यात बहुधा असतो. पण हे पोलाद नेमकं कोणतं, हे भंगारवाला सांगू शकत नाही आणि पाट्यावरही ते लिहिलेलं नसतं. मग बरेच जण अंदाजाने तापवतात, अंदाजाने बुडवतात, आणि दिवसभराची मेहनत घालून घडवलेलं पातं एक तर वाकतं, नाही तर तडकतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पोलादाचं नाव शोधत बसू नका. त्याचा एक तुकडा कापा आणि त्यालाच विचारा.

सगळा खेळ कार्बनचा आहे. ग्रिल-खिडक्यांच्या माइल्ड स्टीलमध्ये तो 0.25 टक्क्यांहून कमी असतो. ते कितीही तापवून पाण्यात घाला, धारेच्या कामाचं होत नाही. पाट्यात तो साधारण 0.5 ते 0.65 टक्के असतो, बेअरिंगच्या पोलादात 1 टक्क्याच्या आसपास, तर चांगल्या कानशीत त्याहूनही जास्त. पोलाद पुरेसं तापलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कार्बन विरघळतो. हळूहळू थंड होऊ दिलं तर तो सावकाश बाहेर पडतो. झटक्यात थंड केलं तर त्याला निसटायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि एक अतिशय कठीण, ठिसूळ रचना तयार होते. जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. लोहार ज्याला ‘पाणी देणं’ म्हणतात, ते हेच.

पोलाद ओळखायची पहिली पारख म्हणजे ग्राइंडरवरची ठिणगी. पोलादाचा तापलेला कण हवेत जळत जातो, त्यातल्या कार्बनचा वायू होतो आणि कण फुटतो. म्हणून कार्बन जास्त तेवढी ठिणगी फुलते, आणि माइल्ड स्टीलची ठिणगी लांब, सरळ, जवळजवळ न फुटता जाते. दुसरी पारख लोहचुंबकाची. साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, म्हणून ‘चुंबक सुटला की थोडं वर नेऊन बुडवा’ असं सर्रास सांगितलं जातं. साध्या कार्बन पोलादाला हे चालून जातं.

पाट्याच्या बाबतीत मात्र या दोन्ही पारखी फसवू शकतात, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. आपल्याकडचे बरेचसे पाटे सिलिकॉन-मँगनीज पोलादाचे असतात, त्यात दीड ते दोन टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉन ठिणगीचं फुटणं दाबून टाकतं, त्यामुळे पुरेसा कार्बन असूनही ठिणगी पाहून तो कमी वाटतो. शिवाय हेच सिलिकॉन अणूंची मांडणी बदलण्याचं तापमान वर ढकलतं. चुंबक सुटल्या सुटल्या असं पातं तेलात घातलं तर कार्बन नीट विरघळलेलाच नसतो आणि पातं अर्धवट कडक होतं. त्याला 880 अंशांच्या आसपासची उष्णता लागते. चुंबक सुटतानाच्या लाल रंगापेक्षा ती बरीच उजळ दिसते.

म्हणून तुकड्याची परीक्षा. पाट्यातून बोटभर रुंद, तीनेक मिलिमीटर जाड आणि वीतभर लांब पट्टी कापा. हॅकसॉने दर दीड सेंटिमीटरवर उथळ खाच पाडा. पट्टीचं एक टोक भट्टीत असं धरा, की ते पिवळं होईल आणि दुसरं काळंच राहील. मध्ये रंगांची चढती पायरी दिसेल. काम उन्हात नको, मंद उजेडात करा. कोणत्या खाचेला कोणता रंग आहे हे लक्षात ठेवून पट्टी 50-60 अंशांच्या कोमट सोयाबीन तेलात बुडवा. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून, वर जाड फडकं टाकून, डोळ्यांना गॉगल लावून एकेक खाच तोडत जा.

आता तुटलेल्या तोंडाकडे नीट बघा. अति तापलेल्या टोकाकडे ते साखरेसारखं खडीदार आणि चमकतं दिसेल. तिथे कण वाढलेत आणि पोलाद ठिसूळ झालंय. काळ्या टोकाकडे पट्टी तुटायच्या आधी वाकेल आणि कानस तिला सहज खाईल. या दोहोंच्या मध्ये एक खाच अशी सापडते, की तोंड राखाडी, मऊसूत, कण दिसू नयेत इतकं बारीक असतं आणि कानस त्यावरून नुसती घसरते. त्या खाचेचा रंग हेच तुमच्या पोलादाचं तापमान. कुठेच कडक झालं नाही तर दुसरी पट्टी पाण्यात बुडवून पाहा. तीही मऊच राहिली तर ते पोलाद सुरीसाठी सोडून द्या. एवढं करूनही शंका उरली तर कोल्हापूर-पुण्याकडे ओतकामाच्या धंद्यामुळे स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळा आहेत. तिथे पूर्ण घटकच कळतात.

जुन्या पाट्याने वर्षानुवर्षे हादरे खाल्लेले असतात, त्यामुळे बारीक चिरा असू शकतात. स्वच्छ केलेल्या पाट्यावर रॉकेल फासा, थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड लावा. चीर असेल तर आतलं रॉकेल पाझरून पुडीवर ओली रेघ उमटते. जस्ताचा मुलामा दिलेली वस्तू मात्र भट्टीत कधीच घालू नका, तिचा धूर विषारी असतो. बंद तोंडाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तापवला तर तो फुटतो. रुळाची क्लिपही पाट्यासारख्याच पोलादाची असते, पण ती रेल्वेची मालमत्ता आहे. तिला हात लावू नका.

कडक झालेलं पातं काचेसारखं तडकू शकतं, म्हणून त्याच दिवशी टेंपर करायचं, म्हणजे पुन्हा बेताचं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. जुने लोहार धारेची बाजू तेवढी बुडवतात. पाठीतली उष्णता सावकाश धारेकडे सरकते आणि घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग धावत येतो. हवा तो रंग धारेपाशी पोचला की सगळं पातं थंड करतात. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर जाड होत जातो तसे हे रंग बदलतात. पिवळा साधारण 220 अंशांना, निळा 300 च्या आसपास. डोळ्यांनी साधलेलं हे कसब विलक्षण आहे. नव्याने शिकणाऱ्याने मात्र ओव्हन आणि वेगळा थर्मामीटर वापरावा. स्वयंपाकाच्या सुरीला 200 अंश, दोन तास, दोनदा. ऊस तोडणाऱ्या कोयत्याला घाव सोसायचे असतात, त्याला याहून बरंच जास्त तापमान द्यावं लागतं.

धार काढल्यावर ती पितळेच्या सळईवर हलकी दाबून सरकवा. धार किंचित वाकून परत जागेवर आली तर जमलं. कपची उडाली तर टेंपरिंग 15-20 अंश वाढवून पुन्हा करा. वाकून तशीच राहिली तर पातं मऊ पडलंय आणि भट्टीपासून सगळं नव्याने करावं लागेल. म्हणूनच पहिलं टेंपरिंग कमी तापमानाला करायचं, वर चढवायला नंतर वाव राहतो.