‘वात’ आणि ‘वाट’ ओळखणारा कान

बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, ‘कुर्रर्र’ करते आणि लगेच तिच्या पाठीत धपाटे पडतात. बाळ तेव्हा जेमतेम बारा दिवसांचं असतं. त्याच्या कानाची नोकरी मात्र जन्माच्या तीनएक महिने आधीच सुरू झालेली असते.

पोटातलं बाळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागतं. बारीक, तीव्र आवाज पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून फारसे आत पोचत नाहीत. त्यामुळे शब्दांच्या कडा पुसल्या जातात आणि उरते ती बोलण्याची चाल, म्हणजे तिचा ठेका आणि चढउतार. आईचा आवाज तिच्या शरीरातूनही आत जातो, म्हणून तो सगळ्यांत ठळक. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी १९८० साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. चोखण्याची लय एका प्रकारे बदलली की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या प्रकारे बदलली की परक्या बाईचा. त्या एवढ्याशा जिवांनी आईचा आवाज मिळावा म्हणून आपली लय बदलली!

पुढे २००९ मध्ये जर्मनीतल्या काटलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचा सूर बहुतेक वेळा खालून वर चढत होता, तर जर्मन बाळांचा वरून खाली उतरत होता. त्यांच्या मातृभाषांची चालही तशीच आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं ‘ट्यॅहँ’सुद्धा घरच्या भाषेचा वळसा घेऊन येतं. आत्याने सांगितलेलं नाव हे आपलं नाव आहे, हे मात्र बाळाला साधारण साडेचार महिन्यांचं झाल्यावर उमगू लागतं.

मला सगळ्यांत मोह पाडणारा प्रयोग यानंतरच्या महिन्यांतला आहे आणि त्यात आपल्या घरातली दोन अक्षरं आहेत. ‘वात’ आणि ‘वाट’ यांत आपली कधी गफलत होत नाही. ‘त’ला जीभ दातांना टेकते, ‘ट’ला मागे वळून टाळूला. इंग्रजीत असा भेद नाही. तिथला टी या दोघांच्या मधे कुठेतरी उच्चारला जातो. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिंदीतल्या याच ‘त’ आणि ‘ट’ची जोडी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवली. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो आणि मधेच बदलतो. बदलला की बाजूच्या पेटीत दिवा लागून खेळण्यातला प्राणी हलू लागतो. ती गंमत पाहायला बाळाने नेमक्या वेळी मान वळवली, तर त्याला फरक कळला.

सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली. हिंदीचा एक शब्द कानावर न पडलेल्या या बाळांना आपला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो फरक कळला. त्याच वयाच्या हिंदी घरांतल्या बाळांना काहीच अडचण आली नाही.

यात बाळाचं नुकसान झालं असं वाटेल, पण मेंदूच्या बाजूने पाहिलं तर हा मोठा हिशोबीपणा आहे. जन्मतः मेंदूत वाटा भरपूर असतात, पायंडा कुठल्याच वाटेला पडलेला नसतो. जे आवाज रोज हजारदा कानावर पडतात, त्यांच्या जोडण्या पक्क्या होतात. ज्या भेदाने घरात कधी अर्थ बदलत नाही, त्याकडे मेंदू लक्ष देईनासा होतो. मोठेपणी सराव करून असा भेद शिकता येतो, पण कष्टाने. सहा महिन्यांचं बाळ जगातल्या बहुतेक भाषांचे भेद ऐकू शकतं आणि वर्षाचं बाळ आपल्या माणसांची भाषा झपाट्याने शिकू शकतं. दुसरी गोष्ट साधायला पहिली सोडावी लागते.

मराठी कानाची कमाल ‘च’मध्ये दिसते. ‘चहा’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा. लिपी दोन्हींना एकच अक्षर देते, शाळेत हा फरक कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही, तरी मराठी घरातलं मूल तो बिनचूक उचलतं.

पण नुसता आवाज कानावर पडला की झालं, असं नाही. सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना १२ बैठकांत मँडरिन चिनी ऐकवली. काहींसमोर माणूस बसून पुस्तक वाचत, खेळणी दाखवत बोलत होता, तर काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. २००३ साली आलेला निकाल स्वच्छ होता: समोर माणूस असलेली बाळं मँडरिनमधला अवघड भेद शिकली, पडद्यासमोरची काहीच शिकली नाहीत. बाळाला डोळ्यांत बघणारं, त्याच्या हुंकाराला उत्तर देणारं कोणीतरी लागतं. ‘अगं बाई, कोण आलं?’ असं आजी सूर चढवून, स्वर लांबवून बोलते, ते बाळाच्या कानासाठी फार उपयोगाचं असतं.

नातवंडं परदेशी असलेल्या आजी-आजोबांसाठी इथे एक दिलासा आहे. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवरच्या एका प्रयोगात, व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस खरोखर प्रतिसाद देत असेल तर मुलं नवे शब्द शिकली. आधी मुद्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत.

हे सगळं ऐकू येण्यावर उभं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीचे महिने हुंकारतं, खुदखुदतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. टाळी वाजवली की दचकतं, ही खात्रीची परीक्षा नव्हे. हवेच्या झुळकेनेही ते दचकू शकतं. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी, अजिबात न दुखणारी तपासणी असते. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. वरच्या प्रयोगांतले महिने मोजले की तो का, ते कळतं. आपल्याकडचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला आणि श्रवणदोष त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात विचारा, संकोच करू नका. आणि मूल ऐकत नसलं तरी भाषेची भूक तीच असते. खुणांची भाषा बोलणाऱ्या घरांतली बहिरी बाळं हातांनी बोबडं बोलतात, हे १९९१ मध्येच नोंदलं गेलं आहे.

मधली वर्षं भराभर जातात. ‘र’चा ‘ल’ होतो, ‘ळ’ जिभेवर बसायला वेळ लागतो, मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते आणि एक दिवस मुलाचा आवाज फुटतो.

याच सुमारास घरोघरी एक तक्रार ऐकू येते: ‘हाक मारली तरी ऐकूच येत नाही याला.’ स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनिएल अब्रॅम्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमकं हेच मेंदूत पाहिलं. मुलांना आईच्या आणि अनोळखी बायकांच्या आवाजात निरर्थक शब्द ऐकवले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतले आनंदाचे आणि ‘हे महत्त्वाचं’ असं ठरवणारे भाग आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास हे उलटलं. अनोळखी आवाज जास्त उजळून निघाले, मुलींत आणि मुलग्यांतही.

वर्षाच्या बाळाने घराबाहेरचे आवाज सोडून घरचे निवडले होते. तेराव्या वर्षी कान पुन्हा दाराबाहेर वळतो, कारण आता मैत्री, काम, सोबत सगळं परक्या माणसांतच शोधायचं असतं. मुलगा उद्धट झाला म्हणून रात्री डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आयांना मला हे सांगायचं असतं. आणि त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्टही: ऐकवलेला प्रत्येक निरर्थक शब्द सेकंदभराचाही नव्हता, तरी किशोरवयीन मुलांनी आपल्या आईचा आवाज जवळजवळ दरवेळी अचूक ओळखला.