किंमत बांधणारा कायदा वेगळा, जनऔषधीचं दुकान वेगळं

"सरकारान गोळये स्वस्त केल्यान मां? मगे माजी महाग कशी गो?"

सिंधुदुर्गात आमच्या गावी, आचऱ्याला गेले की आई हे विचारतेच. तिचं वय ७८. चतुर्थीला आलेला प्रत्येक चाकरमानी तिला सांगून जातो की औषधं आता स्वस्त झालीत, आणि ते खोटंही नसतं. फक्त एक जण बोलत असतो किंमत बांधून देणाऱ्या कायद्याबद्दल आणि दुसरा जनऔषधी केंद्राबद्दल. ऐकणारीच्या मनात दोन्हींचं एकच होतं, आणि ती गावातल्या मेडिकलवाल्याशी भांडून येते.

कायदा आहे १९५५चा, जीवनावश्यक वस्तूंचा. त्याच्याखाली २०१३ साली औषध किंमत नियंत्रण आदेश निघाला. अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी असते, २०२२च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. ही मर्यादा नावाजलेल्या ब्रँडलाही लागते आणि साध्या जेनेरिकलाही, म्हणजे औषधाच्या मूळ नावानं विकल्या जाणाऱ्या गोळीलाही, मुंबईतल्या दुकानालाही आणि आचऱ्यातल्याही. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन, साखरेची मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, ही म्हाताऱ्या माणसांच्या डब्यातली रोजची नावं त्या यादीत आहेत. दुकानदारानं दरपत्रक दिसेल असं लावायचं, हेही त्याच आदेशात आहे. ते मागून बघायला संकोच करू नका. कंपनीनं मर्यादेपेक्षा जास्त घेतलं तर जादा रक्कम व्याजासकट वसूल करता येते, पण ती सरकारजमा होते. ज्यानं खिशातून पैसे मोजले त्याच्या हाती काही येत नाही, आणि हे मला मुळीच पटत नाही.

बरं, कमाल किंमत म्हणजे स्वस्त किंमत नव्हे. हिशेब असा करतात: बाजारात निदान १ टक्का हिस्सा असलेले ब्रँड घ्यायचे, दुकानदाराला ते ज्या भावानं पडतात त्यांची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के. समजा १० गोळ्या एका ब्रँडच्या ६० रुपयांना पडतात, दुसऱ्याच्या ९०, तिसऱ्याच्या १५०. सरासरी १००, मर्यादा ११६, वर जीएसटी. तिसऱ्याला खाली यावं लागतं, पहिल्यानं आपला भाव न चढवता तसाच ठेवायचा असतो. म्हणजे एकाच औषधाला, कायदा पाळूनही, दोन घरांत दोन वेगळे भाव पडतात. १९९५च्या जुन्या आदेशात भाव उत्पादनखर्चावरून ठरायचा. आता बाजारात आधीच फुगलेला भाव सरासरीत शिरून बसतो. शिवाय दर १ एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे मर्यादा हलते. २०२३ साली ती १२ टक्क्यांहून थोडी जास्त वर गेली. आईची पेन्शन काही तेवढी वाढली नव्हती.

जनऔषधी ही सरकारची योजना आहे, २००८पासूनची. सरकारी संस्था निविदा काढून जेनेरिक औषधं घेते, प्रयोगशाळेत तपासून घेते आणि ठरलेल्या केंद्रांतून विकते. जाहिरात नाही, डॉक्टरांकडे कंपनीच्या प्रतिनिधींच्या (एमआरच्या) फेऱ्या नाहीत, म्हणून भाव ब्रँडच्या मानानं पुष्कळदा निम्म्याहूनही कमी. फायदा खरा आहे. पण तो त्या दुकानापुरता. केंद्र जवळ नसेल, गोळी संपलेली असेल, तर हक्क म्हणून बोट ठेवायला कलम नाही. आम्हाला त्यासाठी एसटीनं कणकवली गाठावी लागते, आणि आईचे गुडघे एसटीच्या पायरीवरच बोलायला लागतात.

गेल्या वेळी मी तिचं पाकीट खिडकीशी धरून मागचं बारीक अक्षर वाचलं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, दोन्ही एकाच गोळीत. सुटी घेतली तर दोन्ही औषधं यादीत आहेत, पण जोडगोळी नाही. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनी १२ महिन्यांत १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. नव्यानं काढलेल्या काही जोडगोळ्यांचा भाव प्राधिकरण ठरवून देतं, पण तो अर्ज करणाऱ्या कंपनीपुरता. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाकिटाच्या पाठीवर होतं.

मग मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी का देत नाही? कारण चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड द्यायला, औषध तेच असलं तरी, १९४५च्या औषध नियमांत मनाई आहे. त्याच्याशी भांडून काही होत नाही. किल्ली डॉक्टरांच्या पेनात आहे. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य लिहावं, असं वैद्यक परिषदेच्या नियमात २०१६पासून आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये ते आणखी कडक करणारे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले.

यातल्या कुठल्याच तरतुदीत वयाचा विचार नाही. ७० वर्षांवरच्यांना २०२४पासून आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाचं, रोजच्या गोळ्यांना नाही. अमेरिकेनं २०२२च्या कायद्यात वेगळी वाट धरली: गोळीच्या भावाबरोबर वृद्धाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेलाच हद्द घातली. मेडिकेअर या त्यांच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात २०२५ साली औषधांसाठी वर्षाला २००० डॉलर, त्यापुढे रुग्णानं काही भरायचं नाही. आपल्याकडे अशी हद्द का नसावी, हे मी मनापासून विचारते.

आईच्या डॉक्टरांना मी मूळ नावं लिहून द्यायची विनंती केली. जोडगोळी सोडवता येईल का हे त्यांनीच ठरवायचं होतं. घरी आपल्या मनानं गोळी बदलणं धोक्याचं, साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि दोन सुट्या गोळ्या लिहिल्या. कणकवलीच्या जनऔषधीत एक मिळाली, दुसरी संपली होती. ती आम्ही आचऱ्याच्या मेडिकलमधून घेतली, दरपत्रकावर बोट ठेवून.